फरशी बुडाली हे मुलांना आधी कळते

पुराच्या काळात निवारा केंद्रांतून तालुक्याला जी माहिती जाते, तिच्यात मुलांची संख्या असते. शून्य ते सहा वयोगटातली किती, सहा ते चौदा वयोगटातली किती, दूध किती लिटर लागले, बिस्किटांचे पुडे किती वाटले, जुलाब-तापाचे रुग्ण किती. ही माहिती आवश्यकच आहे, आणि रात्ररात्र जागून ती गोळा करणारे तलाठी, ग्रामसेवक व अंगणवाडी सेविका यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु मुले काय म्हणाली, यासाठी त्या तक्त्यात रकानाच नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत स्वयंसेवक म्हणून काम करताना ही उणीव मला दर पावसाळ्यात अधिकाधिक खुपत गेली आहे. आपत्तीत मुलांचे ऐकायचे म्हणजे त्यांचे मन रमवायचे, असा समज सर्वत्र दिसतो. माझे म्हणणे असे आहे की मुलांपाशी काही माहिती अशी असते, जी मोठ्यांपाशी नसते. आणि ती निर्णय होण्याआधी, निर्णय घेणाऱ्याच्या कानावर गेली नाही तर त्याची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते.

हे वाक्य मी विचारपूर्वक लिहिले आहे. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, मियागी प्रांतातल्या इशिनोमाकी शहराच्या हद्दीत, किताकामी नदीच्या काठी ओकावा नावाची प्राथमिक शाळा होती. ११ मार्च २०११ रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला तेव्हा शाळा सुटायची वेळ झाली होती. शिक्षकांनी मुलांना शिस्तीत मैदानावर आणले, हजेरी घेतली, आणि मग पुढे काय करायचे यावर मोठ्या माणसांची चर्चा सुरू झाली. शाळा समुद्रापासून सुमारे चार किलोमीटर आत होती, त्यामुळे पाणी इथवर येणार नाही असे अनेकांना वाटत होते. शाळेच्या अगदी पाठीमागे डोंगर होता. अभ्यासाचा एक भाग म्हणून मुले पूर्वी त्याच डोंगरावर अळिंबी लावायला चढली होती. ती वाट त्यांच्या पायाखालची होती. वाचलेल्यांच्या आणि पालकांच्या साक्षींतून नंतर असे पुढे आले की सहावीतल्या काही मुलांनी, आपण डोंगरावर जाऊ या, अशी शिक्षकांना विनवणी केली होती. मुले मैदानावर जवळजवळ पन्नास मिनिटे थांबून राहिली. अखेर ती निघाली तेव्हा डोंगराकडे न जाता नदीवरच्या पुलाजवळच्या थोड्या उंच जागेकडे निघाली, आणि वाटेतच त्सुनामीने त्यांना गाठले. शाळेच्या १०८ मुलांपैकी ७४ मुले गेली. त्या वेळी तिथे असलेल्या अकरा शिक्षकांपैकी दहा गेले.

पालकांनी न्यायालयात दाद मागितली. सेंदाईच्या जिल्हा न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये शाळेची आणि नगर प्रशासनाची पूर्वतयारीच अपुरी होती असे ठरवले, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. निकालाचा आधार पूर्वतयारीतली त्रुटी हा होता, मुलांचे ऐकले की नाही हा नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. ते शिक्षकही निष्काळजी नव्हते. मुलांबरोबर त्यांचेही प्राण गेले. धक्के अजून बसत होते, डोंगरावर झाडे कोसळतील अशी भीती होती, गावातली वडीलधारी माणसे मैदानात येऊन आपापले मत सांगत होती. त्या पन्नास मिनिटांत मैदानावर ज्यांच्या मताला वजन होते ते सगळे प्रौढ होते, आणि डोंगराची वाट ज्यांनी अलीकडेच तुडवली होती त्यांच्या मताला वजन नव्हते. मला ओकावाविषयी वाचल्यापासून हीच गोष्ट सर्वांत अधिक अस्वस्थ करते.

त्याच दिवशी उत्तरेकडे कामाइशी शहरात उनोसुमाई भागातली माध्यमिक शाळेची मुले भूकंप थांबताच उंचावर पळत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही निघाली, मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरले, आणि ठरलेल्या जागी पोहोचल्यावर ती जागाही सुरक्षित नाही असे दिसताच सगळी आणखी वर गेली. शहरातल्या शाळांत त्या वेळी असलेली जवळजवळ तीन हजार मुले वाचली. यामागे तोशिताका कातादा या प्राध्यापकांनी शिक्षकांबरोबर अनेक वर्षे केलेले काम होते. नकाशावर आखलेल्या धोक्याच्या रेषेवर विसंबू नका, शक्य तेवढे सगळे करा, आणि पळणाऱ्यांत तुम्ही पहिले व्हा, असे ते मुलांना शिकवत. मुलांच्या निर्णयशक्तीवर विश्वास ठेवण्याचा सराव त्या शहरातल्या मोठ्यांनी आधीच केलेला होता.

आपल्याकडे त्सुनामीसारखे काही मिनिटांत सगळे संपत नाही. कृष्णा-पंचगंगेचा पूर चढायला दिवस लागतात, आणि म्हणूनच मुलांना विचारायला वेळ नव्हता ही सबब आपल्याला शोभत नाही. कोल्हापुरात पावसाळ्यात सगळ्यांचे डोळे राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे लागलेले असतात. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांच्याही वर. सांगलीत हेच स्थान आयर्विन पुलाखालच्या पातळीला आहे. तासातासाला मोबाइलवर आकडे येतात आणि घरोघरी त्यांवर चर्चा होते. मात्र बंधाऱ्याचा आकडा आणि एखादे गाव यांच्यामध्ये त्या गावचा ओढा असतो. नदी फुगली की तिचे पाणी ओढ्यात उलटे शिरते, आणि नदी अजून पात्रातच दिसत असताना ओढ्यावरची फरशी, म्हणजे रस्त्याचा ठेंगणा पूल, पाण्याखाली जाते. गावाबाहेर पडायचा रस्ता त्या फरशीवरून असेल तर गाव तिथेच अडकते, मग बंधाऱ्यावर आकडा काहीही असो.

शिरोळ तालुक्यातल्या एका गावात आम्ही शाळेच्या वर्गात खडूने जमिनीवर गावाचा नकाशा काढायला मुलांना सांगितले होते. मोठ्या माणसांनी काढलेल्या नकाशात ग्रामपंचायत, देवळे, सोसायटी आणि मुख्य रस्ता असतो. मुलांच्या नकाशात शाळेची वाट सर्वांत मोठी होती. कुठे चिखल होतो, कुठे सायकल उचलून न्यावी लागते, कुठल्या घरचे कुत्रे अंगावर येते, हे सगळे तिच्यावर होते. सातवीतला एक मुलगा बराच वेळ गप्प बसला होता. त्याने उठून ओढ्याच्या काठावर एक गोल काढला आणि म्हणाला, "ताई, पाणी नदीकडनं आधी येत न्हाई. ओढ्याकडनं येतंय. ह्यो म्हसोबाचा दगड हाय. दगडाला पाणी लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी फरशी जातीया." बाकीच्या मुलांनी लगेच दुजोरा दिला. त्यांची पहिली सुट्टी नेहमी त्याच दिवशी होते, त्यामुळे या गोष्टीकडे त्यांचे बारीक लक्ष होते.

गावाच्या स्थलांतर आराखड्यात वृद्ध आणि गरोदर बायकांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाहेर काढण्याचा रस्ता नेमका त्या फरशीवरून होता, आणि निघायची वेळ ठरवलेली होती बंधाऱ्याच्या पातळीवर. त्या दिवशी गावचे पोलीस पाटील शाळेत आले होते. त्यांनी नकाशाभोवती फिरून पाहिले, मुलाला पुन्हा एकदा सगळे सांगायला लावले, आणि दोन जुन्या माणसांना विचारून खात्री करून घेतली. आराखड्यात म्हसोबाच्या दगडाची खूण लिहिली गेली आणि वृद्धांना हलवण्याचा दिवस एकाने अलीकडे आला. या हकिकतीतला मला सर्वांत मोलाचे वाटते ते पोलीस पाटलांचे वर्गात असणे. तो नकाशा आम्ही स्वयंसेवकांनी फोटो काढून अहवालात लावला असता तर तो अहवालातच राहिला असता.

निवारा केंद्रातली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण ती जवळजवळ प्रत्येक केंद्रात कमीअधिक फरकाने दिसते. आपल्याकडे निवारा केंद्र बहुधा शाळेत किंवा मंगल कार्यालयात असते. शाळेत माणसे आली की स्वच्छतागृहे मोजली जातात, माणसांशी त्यांचे प्रमाण काढले जाते, आणि कमी पडत असतील तर फिरती स्वच्छतागृहे मागवली जातात. शिरोळमधल्या एका केंद्रात हे प्रमाण अगदी योग्य होते आणि सगळे निश्चिंत होते. मुलींशी वेगळे बसून बोलल्यावर कळले की दहा-बारा वर्षांपासून पुढच्या बहुतेक मुली दुपारनंतर पाणीच पीत नाहीत. शाळेची स्वच्छतागृहे इमारतीच्या पाठीमागे होती आणि शाळा दिवसा भरत असल्यामुळे तिथे दिवा लावण्याचा प्रश्न कधी कोणाला पडलाच नव्हता. आतून कडी लागत नव्हती. शाळेच्या दिवसांत मैत्रीण बाहेर उभी राहते, म्हणून तेही चालून गेले होते. आता रात्री तिकडे जायचे म्हणजे अनोळखी पुरुष झोपलेल्या व्हरांड्यातून जायचे. ज्यांना पाळी सुरू झाली होती त्यांचे हाल विचारू नयेत असे होते. एक मुलगी खाली बघत म्हणाली, "आईला सांगितलं तर ती म्हणती, आता घरच ऱ्हायलं न्हाई आन् तुला कडी पायजे."

त्या आईला दोष द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. तिचे घर पाण्याखाली होते, जनावरे कुठल्या छावणीत आहेत हे तिला कळत नव्हते, आणि पंचनाम्यात आपले नाव येईल की नाही या काळजीने ती पोखरली होती. मुलांचे म्हणणे स्वतंत्रपणे विचारायचे ते याचसाठी. संकटात आईबाप मुलांवर कमी प्रेम करू लागतात असे नाही, पण मुलांची गरज सांगायला त्यांच्यात बळ उरत नाही. कडी, एक दिवा आणि व्हरांड्याची झोपण्याची रचना बदलणे, एवढे करायला केंद्र चालवणाऱ्या शिक्षकांना संध्याकाळपर्यंतही वेळ लागला नाही. खर्च तर नगण्यच होता. त्याआधीच्या दिवसांत मात्र मुली तहानलेल्या राहिल्या, आणि हे कुठल्याही तक्त्यात आले नाही.

नेपाळमध्ये २०१५ साली हेच काम मोठ्या प्रमाणावर झाले होते. २५ एप्रिलचा पहिला भूकंप शनिवारी झाला, नेपाळात शनिवारी शाळांना सुट्टी असते, आणि त्यामुळे शाळांच्या हजारो वर्गखोल्या कोसळूनही असंख्य मुले वाचली. १२ मे रोजी दुसरा मोठा धक्का बसला. त्यानंतर काही आठवड्यांतच, नेपाळ सरकारच्या सहभागाने युनिसेफ, प्लॅन इंटरनॅशनल, सेव्ह द चिल्ड्रन आणि वर्ल्ड व्हिजन या संस्थांनी एकत्र येऊन चौदा जिल्ह्यांतल्या १,८३८ मुलांशी चर्चा केली आणि जुलैमध्ये त्यांचे म्हणणे प्रसिद्ध केले. ताडपत्रीखाली अनोळखी कुटुंबांबरोबर दाटीवाटीने झोपावे लागते, मुलींना कपडे बदलायला आडोसा नाही, पावसाळा तोंडावर आला आहे आणि दरडीची भीती वाटते, असे मुलांनी सांगितले होते. शिरोळच्या मुलींचे बोलणे ऐकताना मला त्या नेपाळी मुलांची आठवण झाली. डोंगर वेगळे, नदी वेगळी, आणि अडचण मात्र तीच. एकदा एखाद्या देशातल्या मुलांनी इतके स्पष्ट सांगितल्यावर पुढच्या आपत्तीत ते पुन्हा पहिल्यापासून शोधून काढावे लागू नये, अशी निदान अपेक्षा तरी करायला हवी.

आंतरराष्ट्रीय बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने मुलांना आपल्याशी संबंधित प्रत्येक बाबीत मत मांडण्याचा हक्क दिला आहे आणि त्या मताला वय व समज यांनुसार योग्य वजन द्यावे असे म्हटले आहे. संयुक्त राष्ट्रांनी ही संहिता १९८९ मध्ये स्वीकारली आणि भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली. त्यानंतर दहा महिनेही झाले नव्हते तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र संपता संपता, किल्लारीचा भूकंप झाला. सरकारी नोंदीप्रमाणे जवळजवळ आठ हजार माणसे गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली बावन्न गावे नव्या जागी उभारायचे ठरले. जमिनीच्या मालकीप्रमाणे अडीचशे, साडेचारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरे, सरळ रुंद रस्ते, घराघरांत मोकळे अंतर असा एकूण आराखडा होता. भिंती कोसळून बोळांत माणसे गाडली गेल्यानंतर रुंद रस्ते हवेत असे वाटणे अगदी स्वाभाविक होते.

माझी एक सहकारी त्या परिसरातली आहे. भूकंपाच्या वेळी ती तिसरीत होती. नव्या गावातले घर जुन्यापेक्षा मजबूत होते, हे ती आवर्जून सांगते. तिच्या आठवणीत मात्र राहिले आहे ते अंतर. जुन्या गावात मैत्रिणीचे घर हाकेच्या अंतरावर होते आणि मधल्या प्रत्येक ओट्यावर कोणीतरी आजी बसलेली असायची. नव्या गावात तेच घर दोन रुंद, ओसाड रस्त्यांपलीकडे गेले आणि दिवेलागणीनंतर तिकडे जायला ती भीत असे. ज्या वयात आईवडील, भावंडे गमावलेल्या मुलांना एकमेकांची सर्वांत अधिक गरज होती, त्याच वयात त्यांच्यातले अंतर वाढले. गावाचा आराखडा ठरत असताना एखाद्या संध्याकाळी मुलांना बोलावून, तुम्ही खेळता कुठे, भीती वाटली की कोणाकडे जाता, एवढे जरी विचारले असते तरी शेजार कसा राखावा याविषयी काही ना काही हाती लागले असते, असे तिचे म्हणणे आहे आणि ते मला पटते.

त्याच किल्लारीच्या पुनर्वसनातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुरुवातीला घरबांधणीच्या चर्चेत बायकांनाही फारसे कोणी विचारत नव्हते. पुढे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहायक म्हणून काम करू लागल्या, घरांच्या दुरुस्तीवर देखरेख ठेवू लागल्या, आणि बायकांना बांधकामातले काय कळते, हा प्रश्नच मागे पडला. आज आपत्तीनंतरच्या बैठकीला एकही बाई नसेल तर ते खटकते. मुलांच्या बाबतीत आपण अजून त्या आधीच्या टप्प्यावर आहोत. लहान आहेत, त्यांना काय कळते, हे वाक्य अजून सहज उच्चारले जाते.

यावर गंभीर आक्षेपही आहेत आणि ते मी टाळू इच्छीत नाही. पाणी चढत असताना होडीत कोणी बसायचे यावर मुलांची सभा घेता येत नाही. तिथे हुकूमच लागतो, आणि तो मोठ्यांनीच द्यायला हवा. मुलांचे म्हणणे चूकही असू शकते. म्हसोबाच्या दगडाबद्दल जुन्या माणसांना विचारून खात्री करून घेतली, ते योग्यच झाले. मताला वजन द्यायचे म्हणजे ते न तपासता मान्य करायचे असे नव्हे. तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलांनी गाव वाचवावे अशी अपेक्षा त्यांच्या माथी मारणे हाही अन्यायच आहे. कामाइशीच्या मुलांचे कौतुक करताना, वाचवण्याची जबाबदारी प्रौढांची होती आणि आहे, हे विसरता कामा नये.

विचारण्याची पद्धत चुकली तर न विचारलेले बरे, असेही मी पाहिले आहे. पुराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केंद्रात कॅमेरे येतात, एखाद्या लहान मुलासमोर माईक धरला जातो आणि, तुमचे घर कसे बुडाले ते सांग, असे विचारले जाते. मूल रडते, ते चित्रण सगळीकडे फिरते, आणि त्या मुलाला पुढे अनेक वर्षे गावात त्या चित्रणावरून ओळखले जाते. मदतीच्या किटबरोबर मुलांना उभे करून फोटो काढणे हाही त्यातलाच प्रकार. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी मांडणे आणि नावापुरते बोलावणे, यांना त्यांनी सहभाग मानलेच नाही. आपल्याकडच्या निवारा केंद्रांतल्या चित्रकला स्पर्धा मला अनेकदा दुसऱ्या पायरीवरच्या वाटतात. चित्रे काढू द्यावीत, जरूर काढू द्यावीत, त्याने मुलांना मोकळे वाटते. पण त्या चित्रांना क्रमांक देऊन बक्षिसे वाटायची, आणि ज्या मुलीने स्वच्छतागृहाभोवती सगळे काळे रंगवले आहे तिला त्याबद्दल कोणी विचारायचेही नाही, हे मनाला लागते.

म्हणून काही पथ्ये आम्ही कटाक्षाने पाळतो. काय झाले ते सांग, असे मुलाला विचारायचे नाही. आत्ता काय अडते आहे, काय बदलले तर बरे वाटेल, हे विचारायचे. मुलगे आणि मुली वेगळे बसवायचे, लहान आणि मोठी मुले वेगळी बसवायची, कारण एकत्र बसवले की नववीतला मुलगा बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. बोलायचे नसेल त्याला सोडून द्यायचे. जी मुले गोलात येतच नाहीत, म्हणजे ऐकू न येणारी, धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेली, किंवा पालावरची म्हणून इतरांपासून वेगळी पडलेली, त्यांच्याकडे आपण जायचे. एखाद्या मुलाने त्याच्यावर कोणी हात टाकल्याचे सांगितले तर ते गटात पुढे बोलू द्यायचे नाही. ताबडतोब विश्वासू व्यक्तीकडे, १०९८ या बालमदत क्रमांकावर आणि बाल कल्याण समितीकडे बाब गेली पाहिजे. ही व्यवस्था आधी ठरवलेली नसेल तर मुलांना बोलते करण्याचा आपल्याला अधिकारच नाही, असे माझे ठाम मत आहे.

सगळ्यांत दुर्लक्षित भाग उत्तर देण्याचा आहे. मुले जे सांगतात त्यातले सगळे होणार नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले समजते. एका केंद्रात दहावीच्या मुलींनी रात्री अकरापर्यंत एका खोलीत दिवा मागितला होता. डिझेल अपुरे होते आणि जनित्र नऊला बंद करावे लागत होते. केंद्रप्रमुख स्वतः त्या मुलींकडे गेले, डिझेलचा हिशेब त्यांना समजावून सांगितला, आणि पहाटे पाणी चढवण्यासाठी जनित्र सुरू होते तेव्हा ती खोली त्यांना देऊ केली. मुलींनी ते मान्य केले आणि पहाटे अभ्यास केला. मागितले ते मिळाले नाही, पण मागणीला जबाबदार माणसाकडून, समोरासमोर, कारणासह उत्तर मिळाले. त्यानंतर त्या केंद्रातल्या मुली आपणहून बोलू लागल्या. वाटपात काही घरे सुटली आहेत, हेही त्यांच्याकडूनच कळले. याउलट, विचारून गेलेल्या आणि परत न आलेल्या पथकांविषयी मुले फार कडवटपणे बोलतात.

हे सगळे करायला नवी यंत्रणा उभारावी लागेल असेही नाही. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थी प्रतिनिधी असतात. शाश्वत विकासाच्या ज्या नऊ संकल्पना ग्रामपंचायतींसमोर ठेवल्या आहेत त्यांत बालस्नेही गाव ही एक आहे, आणि बालसभा घेण्याच्या सूचनाही आहेत. अनेक गावांत ती बालसभा नोव्हेंबरात बालदिनाच्या आसपास होते, मुले भाषणे करतात, खाऊ वाटला जातो. पुराचा विषय तिथे निघालाच तरी तेव्हा ओढा कोरडा पडत आलेला असतो आणि आराखडा बदलण्याची कोणाला घाई नसते.

अडचण वेळापत्रकाची आहे आणि ती सोडवण्यासारखी आहे. तालुक्याच्या मान्सूनपूर्व आढावा बैठका मे महिन्यात होतात. गावांचे आराखडे तेव्हा पक्के होतात, होड्या आणि लाइफ जॅकेट तपासली जातात, निवारा केंद्रांच्या याद्या ठरतात. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि मुले मामाच्या गावी गेलेली असतात. शाळा जूनच्या मध्यावर उघडते, आणि २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आलेले आहेत. म्हणजे शाळा उघडल्यापासून साधारण महिनाभराचा अवधी हाती असतो. आमच्या गटाने यंदा पूररेषेतल्या शाळांच्या मुख्याध्यापकांकडे आणि ग्रामपंचायतींकडे अशी विनंती केली आहे की जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक बालसभा घ्यावी, तिला सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक यांनी स्वतः पूर्णवेळ बसावे, मुलांनी गावाचा नकाशा काढावा, आणि त्यातल्या कोणत्या गोष्टी आराखड्यात घेतल्या व कोणत्या का घेतल्या नाहीत, हे जुलैच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या फळ्यावर लिहून मुलांना सांगावे. काही गावांनी होकार कळवला आहे. ज्यांच्या गावाला ओढ्यावरची फरशी ओलांडूनच बाहेर पडावे लागते त्यांनी आपल्या शाळेत हे करून पाहावे. नकाशासाठी खडू आणि एक मोकळा वर्ग पुरतो.